कॅटलिस्ट खर्च होत नाही म्हणतात, मग रिफायनरीत रोज नवा कामून टाकतात?

उदगीरचा_बीएस्सीवाला
दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात साफ लिहिलंय, उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा राहतो. सर म्हणाले, क्रॅकिंग युनिटात रोज टनावारी नवा माल पडतो. दोन्ही खरं कसं?

परभणीकर_शिफ्टवाला
दोन्ही खरंच हाय बाळा. पुस्तकात शुद्ध रसायनं असतात, आमच्याकडं कच्चं तेल येतं अन् त्यात काय काय येईल सांगता येत नाही.

एफसीसी म्हणजे तुझ्या सरांचं ते क्रॅकिंग युनिट, जड तेल तोडून हलकं करायचं. त्यातला कॅटलिस्ट म्हणजे झिओलाइटची, म्हणजे बारीक छिद्रांच्या खनिजाची, पूड, कण साधारण 70 मायक्रॉनचे. 500 अंशांच्या वर जड तेलाशी तिची गाठ दोन-चार सेकंदच पडते. तेवढ्यात मोठे रेणू तुटतात, पण कणांवर कोक, म्हणजे कार्बनचा काळा थर, बसतो. मग रिजनरेटरमध्ये हवा सोडून, 700 अंशांच्या आसपास, तो जाळायचा. त्याच जाळाची उष्णता पुढचं तेल तोडायला लागते, त्यामुळं कोक अजिबात नको असं कोणी ऑपरेटर म्हणणार नाही.

कोक जळतो. निकेल, व्हॅनेडियम जळत नाहीत. तेलातून येतात अन् कणांवर ठाण मांडतात. व्हॅनेडियम तर झिओलाइटची रचनाच मोडतं. वरून कण घासून झिजतात, भुकटी सायक्लोनमधून, म्हणजे वायूतून पूड वेगळी करायच्या भांड्यातून, निसटते. म्हणून रोज थोडा जुना काढायचा, थोडा नवा भरायचा.

डिझेलमधलं सल्फर काढायच्या युनिटाचं, हायड्रोट्रीटरचं, वेगळं. कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा कॅटलिस्ट एकदा भरला की दोन-दोन वर्षं चालतो. बीएस-4 ला सल्फर 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग) चालायचं, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ला 10. पंपावर कोणाला पत्ताही लागला नाही, ओझं सगळं ह्या कॅटलिस्टवर.

जालन्याची_मोसंबी
काका, आमच्या बागेतली ठिबकची नळी पण ह्यातूनच येते ना?

परभणीकर_शिफ्टवाला
हो ना भाऊ. नळी पॉलिथिलीनची, ते इथिलीनपासून होतं. पण नॅफ्थापासून, म्हणजे कच्च्या तेलातल्या हलक्या भागापासून, इथिलीन काढताना कॅटलिस्टच नसतो. वाफ अन् 800 अंशांच्या वर ताप, बस. इथिलीनचं पॉलिथिलीन करताना मात्र लागतो, बहुतेक टायटॅनियमचा. झीग्लर-नाट्टा म्हणतात, दोघांना 1963 चं नोबेल मिळालं. उदगीरवाल्या, हे तू ऐक: तो इतका कमी लागतो की कोणी काढून घेत बसत नाही, नळीतच राहतो.

उदगीरचा_बीएस्सीवाला
मग पेपरात काय लिहू?

परभणीकर_शिफ्टवाला
पुस्तकातलं. तोंडीला विचारलं तर व्हॅनेडियम सांग.