धिंगरीच्या खोलीत ओल टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सासवडजवळ दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावली आहे. गव्हाच्या भुशाच्या चाळीस पिशव्या टांगल्यात. थंडीत पीक छान आलं, आता उन्हानं पार वाट लावलीय.

दुपारी दोनला आत ३४ अंश, आर्द्रता ५५ टक्के. धिंगरीला २० ते ३० अंश आणि ८० ते ९० टक्के ओल लागते, हे माहीत आहे. भिंतींना गोणपाट लावून दिवसातून चार वेळा भिजवते. फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारं यंत्र) लावला की आर्द्रतेचा आकडा ८५ वर जातो, पण खिडकी उघडताच अर्ध्या तासात खाली. खिडकी बंद ठेवली तर हवा कोंडते, देठ लांबतात आणि छत्री बोटाच्या पेराएवढीच राहते. काल सकाळी तर कोंब कडेनं पिवळे पडून वाळलेले दिसले, फार जीव तुटला.

पत्र्यावर उसाचं पाचट टाकून ठिबकनं ओलं ठेवलं तर किती अंश उतरतील? की कूलरचे पॅड आणि समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट पंखा बसवू? पंखा किती वेळानं, किती मिनिटं चालवायचा? उन्हाळ्यात कोणी पीक घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढच्या आठवड्यात नवं बियाणं येतंय.