ऊसतोड टोळीतील लहान मुले आणि गावची अंगणवाडी: नाव कोणत्या यादीत लागते?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

सांगली जिल्ह्यातील एका बागायती गावात आमची शेती आहे. दिवाळी आटोपली की आमच्या विहिरीशेजारच्या पडीक रानात मराठवाड्यातून आलेल्या टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. यंदा अठरा कोयते आहेत, म्हणजे अठरा जोडपी. त्यांच्याबरोबरची सहा वर्षांच्या आतली मुले मी स्वतः मोजली, ती सतरा भरली. आमचाही ऊस हीच टोळी तोडते, त्यामुळे मी या प्रकरणात त्रयस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

टोळी पहाटे चारच्या सुमारास उसाच्या फडावर जाते आणि गाडी भरायची असेल तर दिवस मावळल्यावरच परतते. तान्ही मुले आईबरोबर जातात व बांधावर साडीच्या झोळीत झोपतात. त्याहून थोडी मोठी मुले कोपीवरच राहतात आणि त्यांना सांभाळायला असते एक नऊ-दहा वर्षांची मुलगी. तिचा चौदा महिन्यांचा भाऊ दिवसभर तिच्या कमरेवर असतो. आईने पहाटे थापून ठेवलेली भाकरी ती गुळाच्या पाण्यात कुस्करून त्याला भरवते, आणि त्याने तोंड फिरवले की ताटलीत उरलेले आपण संपवते. तिची शाळा तिच्या गावी राहिली आहे.

अंगणवाडी आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. गेल्या आठवड्यात मी त्या दोघांना तिथे घेऊन गेले. सेविकाताईंनी बाळाचे वजन केले, दंडाला पट्टी लावली, ती पिवळ्या रंगावर आली, आणि त्यांनी ते सारे एका चिठ्ठीवर लिहून दिले. बहीण-भाऊ दोघांनाही त्यांनी खिचडी वाढली. मात्र नाव लावता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मुले त्यांच्या गावच्या यादीत आहेत आणि इथे येणारा आहार पटावरच्या मुलांपुरताच असतो, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तुसडेपणा मुळीच नव्हता, उलट ओशाळलेपण होते, म्हणून मी वाद घातला नाही.

मला विचारायचे आहे ते असे: या मुलांचा आहारावरचा हक्क त्यांच्या गावाशी बांधलेला आहे की मूल जिथे आहे तिथे तो चालतो? आणि अंगणवाडी दुपारी बंद झाल्यावर या मुलांना सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर येते?

खडूफळा यांचे उत्तर

मी दुसऱ्या जिल्ह्यात बावीस वर्षे अंगणवाडी सेविका आहे. ताईंनी तुम्हाला सांगितले ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. आम्ही सगळी नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अॅपवर करतो, आणि स्थलांतर झालेल्या लाभार्थीचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवण्याची सोय त्या अॅपमध्येच आहे. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. आईच्या आधारला जोडलेला मोबाईल बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो, नवरा फडावर असतो, आणि फडावर रेंज नसते. ओटीपी येतो आणि त्याची मुदत संपून जातो. तेव्हा हे काम संध्याकाळी कोपीवर जाऊन, नवरा-बायको दोघेही समोर असताना करावे लागते. ते आमच्या वेळेत बसत नाही, पण दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

आईकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, ते पाहा. त्यावर तिच्या गावचे, उपकेंद्राचे नाव असते. त्यावरून तिथल्या सेविकेचा फोन पर्यवेक्षिकेमार्फत मिळतो. एक फोन झाला की निम्मे काम झाले असे समजा. लसीकरणासाठी मात्र कोणत्याही यादीची वाट पाहू नका, ते कार्ड दाखवून गावच्या लसीकरण सत्रात लगेच करून घ्या.

बाळ चौदा महिन्यांचे आहे, म्हणजे नियमाने त्याला गरम ताजा आहार नव्हे, तर टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा शिधा मिळतो. खिचडी, उसळ हा आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. जुलै २०२५ पासून टीएचआर देताना चेहरा ओळखण्याची अटही आली आहे, म्हणजे पहिल्या वेळी तरी आईला समोर आणावेच लागेल. पट्टी पिवळ्यावर असणे म्हणजे दंडघेर साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मधे, आमच्या भाषेत ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली उतरला तर ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि मग यादी-बिदी बाजूला ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

जास्तीच्या मुलांच्या आहाराची मागणी पर्यवेक्षिकेकडे लेखी करावी लागते. ती मंजूर होईपर्यंत आम्ही काय करतो, ते सांगायला संकोच वाटतो: पातेल्यात एक तांब्या पाणी वाढवतो. मुलामागे दिवसाला आठ रुपयांचा दर २०१७ मध्ये ठरला, त्यात पाहुणी मुले कुठे बसवायची? डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला आमचा संप पन्नासहून अधिक दिवस चालला तेव्हा बातम्या फक्त मानधनाच्या झाल्या. पातेल्याविषयी कोणी विचारले नाही.

पोचपावती यांचे उत्तर

हक्काविषयी शंका राहू नये म्हणून कायद्याचे शब्द सांगतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याच्या कलम ५ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला ‘स्थानिक अंगणवाडी’मार्फत वयानुरूप आहार विनामूल्य मिळायचा आहे. मूळ परिशिष्टात त्याचे मोजमाप रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे होते. त्या कलमात अधिवासाची किंवा शिधापत्रिकेची अट घातलेली नाही. स्थानिक याचा सरळ अर्थ मूल जिथे राहते आहे तिथली. कलम ४ मध्ये गरोदर व स्तनदा मातांसाठीही असेच शब्द आहेत, तेव्हा कोप्यांवर अशा बायका असतील तर त्यांची नावेही अर्जात घाला. शिधापत्रिकेवरचे धान्य आज दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातून उचलता येते. मग बाळाचा आहारच गावाला बांधून ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयात २००१ मध्ये दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी असाही आदेश झाला होता की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू करावी. तुमच्याकडे सतरा मुले आहेत आणि गावात अंगणवाडीही आहे, त्यामुळे तुम्हाला याचा थेट उपयोग नाही. कारखान्याच्या आवाराजवळच्या मोठ्या तळांना तो होऊ शकला असता, पण तिथेही गणित गमतीचे आहे: हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि मुदत तीन महिन्यांची, म्हणजे अर्ज मंजूर होईपर्यंत पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची वेळ जवळ आलेली असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र निराश करणारे आहे. पाळणाघराची तरतूद आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. ३० पेक्षा अधिक स्त्रिया कामावर असल्या की मालकाने ते चालवायचे असे त्यात होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर सहा वर्षांखालील पाच मुले कामावर आली की एका बाईला केवळ मुले सांभाळण्याच्या कामावर लावून तिला मजुरी द्यावी, इतकी साधी व्यवस्था लिहिलेली होती. ऊसतोडणी करणारी बाई यांपैकी कशातच नीट बसत नाही, कारण तिचा मालक कोण हेच कागदावर ठरलेले नाही. कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या नवऱ्याकडे. केंद्राच्या २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून साडेसात तासांचे पाळणाघर चालवता येते. तशी मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह करून ठेवा, यंदा नाही तरी पुढच्या हंगामाला ती कामी येईल.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करा. मुलांची नावे, वये व मूळ गाव लिहा, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पंधरवड्यात काही हालले नाही तर याच कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत, त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे.

बालाघाट यांचे उत्तर

मी अशाच एका कोपीत वाढलो. थोरल्या बहिणीच्या कमरेवरचा तो मुलगा मी होतो, म्हणून लिहितो आहे. तिची शाळा तिसरीत सुटली आणि मी पदवीपर्यंत शिकलो. आमच्या घरात याविषयी कोणी बोलत नाही.

नाव वळवण्याच्या आधी आईला विचारा. पुष्कळ घरांत गावी राहिलेली आजी सुनेच्या नावाचा शिधा अंगणवाडीतून आणते आणि तिच्याजवळ ठेवलेल्या थोरल्या नातवंडांच्या पोटात तोही जातो. नाव सांगलीला गेले की तिकडचे बंद होते, आणि एप्रिलमध्ये परत गेल्यावर नाव पुन्हा चढायला किती दिवस लागतील याची खात्री कोणी देत नाही. आई ‘राहू द्या’ म्हणाली तर ती अडाणीपणाने म्हणते आहे असे समजू नका.

हंगामी वसतिगृहांनी शाळेच्या वयाच्या मुलांना गावी थांबवण्याची सोय केली, आणि ते चांगलेच झाले. सहा वर्षांखालच्यांना मात्र कोणतेच वसतिगृह घेत नाही, म्हणून ती आईबरोबर निघतात. आणि ती निघाली की त्यांना सांभाळायला एखादी थोरली मुलगीही निघते. आईने घरी थांबायचे म्हटले तर तो अर्धा कोयता होतो, खाडा लागतो, म्हणजे न भरलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात, आणि उचल फिटत नाही. तेव्हा मूल यादीत आले तरी दुपारनंतर ते त्या मुलीच्याच कमरेवर येणार आहे. वरच्या उत्तरातील पाच मुलांमागे एका बाईची व्यवस्था मला सर्वांत पटली. टोळीतलीच एखादी बाई कोपीवर थांबावी आणि तिचा खाडा ज्यांचा ऊस तुटतो त्यांनी भरावा. ताई, हे तुम्हालाच उद्देशून लिहिले आहे, राग मानू नये.

ओटा यांचे उत्तर

बालाघाट यांच्याशी मी सहमत आहे आणि त्यात एक जुनी गोष्ट जोडते. मी बालवाडीत शिकवत होते. आम्हाला प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाडचे काम शिकवले जाई. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथला. मात्र त्यापुढचे पाऊल आपण विसरलो. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती, कारण धाकटे भावंड कडेवर घेतलेली मुलगी त्याला ठेवायला जागा मिळाल्याखेरीज शाळेत बसणार नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी उचलली, पाळणाघर आणि शाळेशी असलेला तिचा सांधा मात्र उचलला नाही.

म्हणून माझी सूचना क्रम बदलण्याची आहे. अर्ज होत राहील. आधी त्या मुलीला जिल्हा परिषद शाळेत न्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाला साजेशा वर्गात तिला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावाच लागतो, आणि वयाचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असेल तर तिच्या भावाला तिथे बसू द्यावे अशी विनंती करा. तो तीन वर्षांचा नाही हे खरे, पण इतके सांभाळून घेणाऱ्या सेविका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांची मी ऋणी आहे.

सतरापैकी अकरा मुलांची नावे आमच्या अंगणवाडीत आली. ती तीन संध्याकाळी कोपीवर बसून झाली. सेविकाताई स्वतः आल्या, मी बॅटरी धरली. दोन आयांनी बालाघाट यांनी लिहिले तेच कारण सांगून नकार दिला, तो मी मानला. चार नावे मूळ गावाकडून सुटलेली नाहीत. अर्जाला आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळालेले नाही.

खाडा भरण्याचा विषय मी घरात काढला तेव्हा सासरे म्हणाले, ‘मग उद्या चूलही पेटवून देऊ.’ चार दिवसांनी मात्र त्यांनीच शेजारच्या दोन शेतकऱ्यांना विचारले, आणि आता गरोदर असलेली एक बाई दुपारी बारापासून कोपीवर थांबते. मुकादमाला ते पसंत नाही. ती बाळंतपणाला गेली की दुसरी देणार नाही, असे त्याने सांगून ठेवले आहे.

मुलगी शाळेत जाते, पण रोज नाही. बाळाच्या दंडाची पट्टी अजून पिवळ्यावरच आहे, वजन तीनशे ग्रॅमने वाढले.

आता नवीन प्रश्न. आमच्या शिवारातला ऊस संपत आला असून टोळी दहा-बारा दिवसांत नदीपलीकडच्या गावात हलणार आहे. तिथल्या सेविकेकडे ही अकरा नावे पुन्हा वळवायची, की हंगाम संपेपर्यंत ती इथेच ठेवून टीएचआर मी पोहोचवत राहायचे? खडूफळा ताई, आपण सांगाल का?