ज्वारीच्या मागचा गहू ओळीओळीने पिवळा

काळीमाती (शिरपूर):
ऑक्टोबरात ज्वारी काढली, रोटाव्हेटर मारला आणि लगेच गहू पेरला. पीक आज 16 दिवसांचं आहे. जिथं ज्वारीची ओळ होती, नेमक्या त्याच पट्ट्यात गहू विरळ, खुजा, पिवळा. मुगाच्या वावरात तेच बियाणं आणि तेच खत असून गहू जोमदार आहे. ज्वारी जमिनीत विष सोडते म्हणतात, खरं का? आता काय करावं?

तापीकाठ:
खरं आहे, भाऊ. ज्वारीच्या मूळकेसांतून सोरगोलिओन नावाचा तेलकट पदार्थ पाझरतो. तो कोवळ्या रोपाचं प्रकाशसंश्लेषण अडवतो. शिवाय धसकटं, म्हणजे कापणीनंतर जमिनीत उरलेले बुडखे, कुजताना फेनॉलिक आम्लं सुटतात, त्यांनी मुळांची वाढ खुंटते. कोरड्यात रोटाव्हेटर मारला की धसकट नुसतं बारीक होतं, कुजत नाही. मग पेरणीचं पहिलं पाणी दिलं की सगळा अर्क उगवत्या दाण्याभोवतीच उतरतो. पट्टे त्यामुळेच दिसतात.

वाफसा:
नत्राचाही हात असणार. धसकट कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात. दोन्ही वेगळे ओळखता येतात. एका कुंडीत पिवळ्या पट्ट्यातली माती, दुसरीत मुगाच्या वावरातली. दोन्हींत गव्हाचे 10-10 दाणे टाका, पाणी सारखं द्या आणि सातव्या दिवशी मुळं धुऊन पाहा. पहिला आठवडा रोप दाण्यातल्या साठ्यावर जगतं, त्यामुळे तेव्हाच मुळं आखूड अन् टोकाला तपकिरी दिसली तर कारण विषारी अर्काचं. मुळं सारखीच निघाली आणि वावरात खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर लोह तपासा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तेही होतं.

काळीमाती (शिरपूर):
खालचीच पानं पिवळी आहेत, नाना. मुळंही आखूड दिसतात.

वाफसा:
म्हणजे दोन्ही आहे. मुकुटमुळं (खोडाच्या बुडातून निघणारी कायमची मुळं) फुटताना द्यायचं पाणी 21व्या दिवशी चुकवू नका, युरियाचा दुसरा हप्ता त्याच पाण्यासोबत द्या. त्याआधी 2 टक्के युरिया फवारा, म्हणजे 10 लीटर पाण्यात 200 ग्रॅम, तोही संध्याकाळी. मेलेली रोपं परत येणार नाहीत. उरलेल्यांना फुटवे फुटले की पट्टा बराच भरतो.

तापीकाठ:
पुढच्या हंगामात ज्वारी निघाली की आधी वावर ओलवा. वाफशावर, म्हणजे जमीन मशागतीजोगी ओलसर झाली की, एकरी 10 किलो युरिया टाकून धसकटं गाडा आणि तीन आठवडे ओल टिकवा. गव्हाची पेरणी त्यामुळे 15 नोव्हेंबरच्या पुढे जात असेल तर धसकटं सरळ वेचून काढा. फुलावर आलेलं गाजरगवत मात्र त्यात गाडू नका. त्यातलं पार्थेनिनही उगवण मारतं, वर बी पसरतं ते वेगळंच. वेचलेली धसकटं केळीच्या दोन ओळींमध्ये आच्छादन म्हणून अंथरा, खोडापासून हातभर लांब. या अर्कानं तणही दबतं, अन् तिथं ते हवंच असतं.