झोपेत खालचा जबडा नेमका कुठे असतो?

प्रश्न: निरोगी माणसाचे दात झोपेत एकमेकांवर टेकलेले असतात का? कुशीवर झोपल्याने फरक पडतो?

प्रतिसाद १: बहुतेक वेळ नाही. जागेपणीही, जबडा सैल असताना, वरखालच्या दातांत २ ते ४ मिमी फट असते. झोपेत स्नायू सैलावतात, जबडा आणखी उतरतो. गिळताना दात क्षणभर टेकतात, तेवढंच.

प्रतिसाद २: फरक पडतो. उताणं झोपलं की जबडा आणि जीभ घशाकडे सरकतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि घोरणं वाढतं. कुशीवर हा ओढा कमी.

प्रतिसाद ३: महत्त्वाचं राहिलं! जबड्याचा सांधा कानापुढे असल्याने तोंड उघडताना हनुवटी खाली जाते तशी मागेही जाते. म्हणून घोरण्यावरचं तोंडात घालायचं उपकरण जबडा पुढे धरणारं हवंच, शिवाय तोंड फार उघडू न देणारंही हवं. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून हळूहळू वाढवतात. एकदम ओढला तर सांधा दुखतो.