आयकॉन की डिस्नी ट्रेझर? सोबत पावणेतीन वर्षांची मुलगी आणि सासूसासरे

एडिसनची_मुक्ता

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस सासूसासरे पुण्याहून अमेरिकेला आमच्याकडे येतायत, दोन महिने राहतील. त्यांना घेऊन सात रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय, १० जानेवारीचा शनिवार धरलाय. दोन बोटींवर गाडी अडलीये. एक मायामीहून सुटणारी रॉयल कॅरिबियनची ‘आयकॉन ऑफ द सीज’, दुसरी पोर्ट कॅनाव्हेरलहून सुटणारी ‘डिस्नी ट्रेझर’. नवऱ्याला आयकॉन हवी, कारण तिच्यावर सहा वॉटरस्लाइड. मला डिस्नी, कारण चिऊ सध्या झोपतानाही मिकीचे कान डोक्यावरून काढत नाही. भाव मात्र डिस्नीचा बराच चढा आहे.

चिऊ २४ जानेवारीला तीन वर्षांची होईल. डायपर अजून सुटलेला नाही (सुटला असं मी सासूबाईंना फोनवर ठोकून दिलंय, कृपया कुणी फोडू नका). दुपारची झोप हुकली तर संध्याकाळी घर डोक्यावर घेते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी. लहान मूल घेऊन कुणी गेलंय का?

डोंबिवलीची_आजी

अगं मुक्ता, मी गेल्या मार्चमध्ये लेक-जावयाबरोबर आयकॉनवर जाऊन आले. नातू तेव्हा अडीच वर्षांचा. बोट कुठली ते नंतर बघ, आधी तारीख बदल. मुलांचा क्लब दोन्ही बोटींवर फुकट असतो, पण मूल तीन पूर्ण आणि डायपर सुटलेलं असेल तरच आत घेतात. वय धरतात ते बोट सुटायच्या दिवशीचं. तुझी चिऊ चौदा दिवसांनी कमी पडतेय! त्याखालच्यांसाठी पाळणाघर असतं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. त्याला तासावर पैसे आणि जागा आधीच भरतात. आमचे जावई म्हणाले, “तिथे गेल्यावर बघू.” तिथे गेल्यावर पाळणाघर मीच होते.

तक्रार नाही हं. ते दोघं स्लाइडवरून किंचाळत खाली येत होते आणि मी सर्फसाइडमध्ये नातवाला घेऊन बसलेले. सर्फसाइड म्हणजे आयकॉनवरचा खास लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठीचा भाग. खाण्याची जागा, मेरी-गो-राउंड, पाण्याची कारंजी, सगळं हाकेच्या अंतरावर. त्याला भिजू द्यायचं, पुसायचं, भात भरवायचा, परत भिजू द्यायचं. माझे तीन दिवस असेच गेले आणि मजेत गेले. तुझ्या सासूबाईंना हे चालणार आहे का, ते मात्र आधी विचारून घे. न विचारता गृहीत धरलं की आठवडाभर तोंडं फुगलेली राहतात.

आणि डायपरवाल्या मुलाला पोहायच्या तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचा वेगळा डायपर घातला तरी नाही. अमेरिकेच्या बंदरांतून जाणाऱ्या बोटींना सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे, स्वच्छतेचे नियम असतात. तान्ह्यांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते, तेवढ्यावर भागवायचं. स्लाइडना उंचीची अट आहे, म्हणजे त्या सहा स्लाइड तुझ्या नवऱ्याच्या, चिऊच्या नव्हेत.

गुडघ्यांचं सांगते. आयकॉन ३६५ मीटर लांब आहे, आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त. खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असेल तर एका जेवणाला जाऊन-येऊन पाऊण किलोमीटर. लिफ्टजवळची खोली घे.

जेवणाची काळजी नको, बुफेत डाळ नाहीतर छोले आणि भात मिळत होता. मी नातवाच्या मऊ भातासाठी इलेक्ट्रिक किटली नेली होती, ती बंदरावरच काढून ठेवली. किटलीसारखी गरम होणारी उपकरणं बोटीवर चालत नाहीत. घरून केलेले ठेपलेही नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातलं चालतं. डायपर मात्र मोजून वर दहा जास्त ने.

कोथरूड_ते_बोस्टन

आजींना +१. डिस्नीबद्दल थोडं, आम्ही मुलगा चार वर्षांचा असताना गेलो होतो. बऱ्याच खोल्यांत न्हाणीघराचे दोन भाग असतात, एकीकडे टब, दुसरीकडे संडास. मूल अंघोळ करतंय आणि कुणाला तरी घाईची लागलीये, हा प्रसंग दिवसातून दोनदा येतो, तेव्हा त्याचं मोल कळतं. रोज रात्री जेवायचं हॉटेल बदलतं, पण वाढणारी माणसं तीच तुमच्यामागे येतात. पहिल्या रात्री ‘भारतीय शाकाहारी’ सांगून ठेवलं, दुसऱ्या रात्री टेबलावर पनीर हजर.

पण डिस्नी लहान म्हणून चालणं वाचेल असं समजू नका. ट्रेझर ३४१ मीटर आहे. फरक पडतो तो गर्दीत. तिच्यावर जास्तीत जास्त ४,००० प्रवासी, आयकॉनवर ७,६०० पर्यंत.

सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपली असेल तर थांबा. संपलेल्या स्टॅम्पवर कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी वाल्यांना बहामासारख्या बेटांसाठी नाही. बोट त्याच बंदरात परत आली तरी नाही. सासूसासऱ्यांचा बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसा, मल्टिपल एंट्री (एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा) आहे ना, तेही बघा.

खिडकीपाशी

खोली घेताना वरच्या आणि खालच्या मजल्याचा नकाशा बघा. एकदा एका बोटीवर आमच्या डोक्यावर नेमका डेक होता. पहाटे पाचला खुर्च्या सरकवायला सुरुवात. बाळ उठलं, मग आम्ही उठलो, मग शेजारचे. वरखाली खोल्याच असतील अशी, बोटीच्या मधली आणि शक्यतो खालची खोली घ्या. तिथे हलणंही कमी जाणवतं.

एडिसनची_मुक्ता

सगळ्यांचे आभार, आजी तुमचे विशेष. नवऱ्याचा स्टॅम्प जूनपर्यंत आहे, पाहून जीव भांड्यात पडला. ३१ जानेवारीची आयकॉन घेतली. मधल्या भागात, लिफ्टजवळ, समोरासमोर दोन खोल्या. मिकीचे कान सोबत नेऊ.

सासूबाई हा धागा वाचतात हे मला माहीत नव्हतं. काल रात्री फोन आला. “डायपरचं राहू दे, मी आल्यावर पंधरा दिवसांत सोडवते. आणि त्या डोंबिवलीच्या बाईंना विचार, त्या कारंज्यांपाशी सावलीत बसायला जागा कुठल्या बाजूला आहे.”