डायपर बॅग कुठली घ्यावी? रोज स्कूटी, अधूनमधून पुण्याची ट्रेन

ओवीची_आई :
नमस्कार सगळ्यांना. मुलगी पाच महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात ऑफिस जॉइन करायचंय. तेव्हापासून रोज सकाळी तिला जुळे सोलापूरहून माझ्या आईकडे सात रस्त्याला सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. नवरा स्कूटी चालवणार, मी मागे तिला घेऊन बसणार. शिवाय सासर पुण्याला, त्यामुळे हुतात्मा एक्सप्रेसने जाणंयेणं आहेच. सध्या एका मोठ्या कापडी पिशवीत सगळं कोंबते, पण दुपटं काढायला गेलं की वाटी-चमचा वर येतो आणि पाहिजे ती गोष्ट तळाशी. ऑनलाइन बघितलं तर सातशेपासून पाच हजारापर्यंत बॅगा आहेत, कुणाला अठरा कप्पे, कुणाला चार्जिंगचं पोर्ट, फोटो सगळ्यांचे सारखेच. खरंच काय लागतं ते सांगा ना. बॅकपॅक घेऊ की एका खांद्याची? अंगावरचं दूध आहे, पण जॉइन झाल्यावर काढून ठेवावं लागेल, एखाद्या वेळी वरचंही. उन्हाळा तोंडावर आहे म्हणून त्याचंही टेन्शन आहे. बजेट दोन हजार.

दोन_पोरांची_मम्मी :
बॅकपॅकच घ्या. एका खांद्याची बॅग दिसायला छान असते, पण मांडीवर बाळ घेऊन स्कूटीवर मागे बसलं की ती घसरून कोपरावर येते आणि बाळाला धरलेला हातच खाली ओढला जातो, ते धोक्याचं आहे. बॅग नवऱ्याच्या पुढ्यात पाय ठेवायच्या जागेत उभी राहील अशी बघा, हँडलला लटकवू देऊ नका, वळताना गाडी ओढते.

दुसरं म्हणजे रिकामी बॅग हातात उचलून बघा. काही बॅगा रिकाम्याच किलोभराच्या असतात, त्यात डायपर, कपडे, पाणी भरलं की तुमच्या खांद्याचं काय होणार. कप्पे मोजू नका. डॉक्टरांच्या बॅगेसारखं तोंड पूर्ण उघडणारी घ्या म्हणजे वरून बघितलं की सगळं दिसतं. आणि आतलं अस्तर फिक्कं पाहिजे, काळ्या अस्तरात काळी पाऊच रात्री सापडतच नाही.

आणि एक, रोज घरून सगळं नेऊच नका. आईकडे एक पाकीट डायपर, चार झबली, दोन दुपटी, तेलाची बाटली, रबरी शीट कायमची ठेवून द्या. मग रोजच्या बॅगेत दूध, दोन डायपर, एक कपड्याचा जोड, वाइप्स एवढंच राहतं. मोठी बॅग पुण्याला जातानाच पूर्ण भरायची.

शिलाईवाला_सोलापूर :
ताई माझं बॅग शिवायचं आणि दुरुस्तीचं काम आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे येणाऱ्या डायपर बॅगांत कापड फाटलेलं फार कमी दिसतं, चेन गेलेली असते नाहीतर पट्टा मुळातून उसवलेला असतो. त्यामुळे दुकानात गेल्यावर आधी पट्टा जिथं बॅगेला जोडलाय तिथं बघा, चौकोन शिवून आत फुली मारलेली शिलाई पाहिजे, नुसती एक सरळ टीप असेल तर सोडून द्या. चेन भरल्या बॅगेवर चालवून बघायची, दुकानदाराला सांगा आत पेपर कोंबा म्हणून. कोपऱ्यावर रनर अडकला की पुढं तिथंच दात सुटणार. मेन चेन जाड दातांची, ८ नंबरची असली तर उत्तम.

लेदरसारखं दिसणारं रेक्झिन घेऊ नका. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री जातं, त्यात वर पावसाळ्याचा दमटपणा, एक-दोन वर्षांत त्याचा पापुद्रा सुटायला लागतो आणि ते कण बाळाच्या कपड्याला चिकटतात. साधं ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर घ्या, आतून पाणी अडवणारं कोटिंग असलेलं. कोटिंग बघायचं तर कापडाची आतली बाजू चिमटीत धरून चोळा, पांढरी पावडर बोटाला लागली तर ते टिकणार नाही. नवी पेठेत फिरलात तर दोन हजारात चांगली मिळते की, आणि हातात घेऊन बघता येते.

रेल्वेने_फिरणारा_बाबा :
आम्ही मुलाला घेऊन पुणे-सोलापूर बरंच करतो म्हणून ट्रेनपुरतं सांगतो. हुतात्मा सकाळी लवकर सुटते, चार-साडेचार तासांचा प्रवास, पण घरातून निघण्यापासून पुण्याच्या घरी पोचेपर्यंत सहा-सात तास धरा. डायपर साधारण दोन-तीन तासांनी बदलावा लागतो त्यामुळे तीन लागतील, वर दोन जादा ठेवा, कारण गाडी लेट झाली की मधल्या स्टेशनवर तुमच्या साइझचा डायपर मिळेलच असं नाही.

मोठी बॅग वरच्या रॅकवर गेली की ती नसल्यासारखीच. बाळ मांडीवर झोपलेलं असताना उठून कोण काढणार. म्हणून बॅगेच्या आत एक छोटी पाऊच वेगळी करा, तिच्यात एक डायपर, थोडे वाइप्स, घडीची शीट आणि दोन रिकाम्या पिशव्या, बसल्या बसल्या ती काढून पायाशी ठेवायची. शू-शी झाली की फक्त पाऊच उचलायची. पाऊचची चेन एका हाताने उघडली पाहिजे, कारण दुसरा हात बाळाच्या छातीवर असणार. शीटवर सुती दुपटं टाकाच, नुसत्या प्लास्टिकवर घामाने पाठ चिकटते. आपल्या इथला छोटा टेरी नॅपकिनही मस्त चालतो, लगेच वाळतो.

वापरलेला डायपर टॉयलेटमध्ये टाकू नका प्लीज, डब्यांना बायो-टॉयलेट आहेत, ते तुंबतात आणि मग अख्ख्या डब्याचे हाल. गुंडाळून कागदात घालून डस्टबिनमध्ये. घरीसुद्धा ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा गुंडाळून द्या, घंटागाडीवाल्याला तो हातानं वेगळा करावा लागतो.

स्टाफनर्स_मावशी :
दुधाचं मी सांगते, बॅगेच्या आधी ते नीट समजून घ्या. काढलेलं आईचं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी. आपल्या एप्रिल-मेत ते गणित धरू नका. बर्फाच्या पॅकसकट चांगल्या इन्सुलेटेड पिशवीत ते २४ तासांपर्यंत ठेवता येतं, म्हणून बॅगेला 'थर्मल' कप्पा आहे की नाही यापेक्षा त्यात बर्फाचा पॅक बाटलीला चिकटून बसतो का ते बघा. नुसतं चंदेरी अस्तर दूध गार करत नाही, गार असलेलं थोडा वेळ धरून ठेवतं एवढंच. शक्यतो वेगळी छोटी इन्सुलेटेड पिशवी घ्या, सांडलं तरी धुता येते.

वरचं दूध असेल तर बाटलीत तयार करून नेऊ नका. पावडर डबीत मोजून, उकळलेलं पाणी गरम थर्मासमध्ये, आणि पाजायच्या वेळी कालवायचं, कोमट झाल्याची खात्री करून पाजायचं. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरानंतर टाकून द्यायचं, किती का उरलेलं असेना. आणि ऊन लागेल म्हणून सहा महिन्यांच्या आत कुणी पाणी पाजायला सांगेल, प्रवासात तर सांगतातच, पाजू नका. अंगावर जास्त वेळा घ्या. थर्मास बॅगेत उभाच राहील असा बाजूचा कप्पा असलेली बॅग घ्या, आडवा पडला की झाकणातून झिरपतो.

ओवीची_आई :
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. आईकडे वेगळा सेट ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं, आज लगेच आईला फोन केला, तिनं कपाटातला एक खण रिकामा केलाय. रविवारी नवी पेठेत जाते, पेपर कोंबून चेन बघते. मावशी एक विचारायचं होतं, बर्फाचा पॅक ऑफिसच्या फ्रीजमध्ये दिवसभर ठेवला आणि येताना काढलेलं दूध त्यात घेऊन आले तर चालेल ना?

स्टाफनर्स_मावशी :
चालेल, पण पॅक फ्रीजरमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात तो गोठत नाही. दूध काढल्या काढल्या फ्रीजमध्ये गार करायचं, निघताना पॅकला लावून पिशवीत. बाटलीवर वेळ आणि तारीख लिहीत जा, आईकडे कुठली आधी पाजायची ते त्यांना कळेल.