शब्दचर्चा : ‘क्रिटिकल’ खनिजं म्हणजे महत्त्वाची, की कळीची?

प्रश्न

युरोपीय संघाचा ‘क्रिटिकल रॉ मटेरियल्स अ‍ॅक्ट’ मे २०२४ मध्ये लागू झाला. त्यावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. ‘महत्त्वपूर्ण कच्च्या मालाचा शाश्वत पुरवठा सुरक्षित करणे’ असं लिहून ठेवलंय खरं, पण मोठ्यानं वाचलं की अर्थ हाताला लागत नाही. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद

ताई, पहिली अडचण ‘महत्त्वपूर्ण’चीच आहे. लोखंड काय कमी महत्त्वाचं? तरी आपल्या खाण मंत्रालयानं जून २०२३ मध्ये काढलेल्या ३० ‘क्रिटिकल’ खनिजांच्या यादीत ते नाही, कारण ते आपल्याकडे मुबलक आहे. या यादीत यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. वस्तूवाचून काम अडलं पाहिजे आणि ती वेळेवर मिळेल याची खात्री नसली पाहिजे. ‘महत्त्वपूर्ण’मध्ये यातली दुसरी गोष्ट येतच नाही.

यादीत लिथियम, कोबाल्ट असणार हे ठाऊक होतं. पोटॅश आणि फॉस्फरस दिसले तेव्हा मात्र मी थबकलो. आमच्या पडवीत १०:२६:२६ च्या गोण्या लहानपणापासून पाहतोय. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतले दोघे ‘क्रिटिकल’! पालाशचं खत आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. ऐन पेरणीत दुकानदार ‘गाडी आली नाही, परवा या’ म्हणतो आणि वडील रिकामं पोतं घडी करून काखेत मारून परत येतात. माझ्या लेखी ‘क्रिटिकल’चा अर्थ तो आहे. म्हणून मी ‘अडीनडीची खनिजं’ सुचवतो.

प्रतिसाद

उदाहरण पटलं, शब्द नाही. अडीनडीला उभा राहतो तो मदतीला आलेला माणूस. इथे तर वस्तूच आपल्याला अडवते आहे, म्हणजे अर्थ उलटा होतो.

‘कळीची खनिजं’ हा शब्द मी दोन-तीनदा वापरलाय. ‘कळीचा मुद्दा’मुळे महत्त्व त्यात येतंच, पण कळ ही फिरवायचीही असते आणि फिरवणारा हात दुसऱ्याचा असू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये चीननं समारियम, डिस्प्रोशियम, टर्बियम अशा सात ‘रेअर अर्थ’ धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. बंदी नव्हती, फक्त परवाना. तेवढ्यानं हे धातू घातलेली, विजेच्या गाड्यांच्या मोटरींना लागणारी चुंबकं अडकली आणि आपल्याकडच्या वाहन कंपन्यांनाही घोर लागला. तिथे नुसतं ‘महत्त्व’ म्हणून भागत नाही.

प्रतिसाद

मान्य. ‘अडीनडी’ मागे घेतो, ‘कळीची’च चांगला.

आता ‘सुरक्षित करणे’. पुरवठा काही कुलपात ठेवायचा नसतो. तो मिळत राहील अशी तजवीज करायची असते. घरातले दोन शब्द इथे फार उपयोगी पडतील, बेगमी आणि रतीब. पावसाळ्याआधी डाळ-मीठ-सरपण भरून ठेवतो ती बेगमी. दूधवाल्याशी ठरवून रोज दारात येतं तो रतीब. २०१० मध्ये बोटीच्या टकरीवरून जपानचा चीनशी वाद झाला आणि जपानला जाणारा ‘रेअर अर्थ’चा माल खोळंबला. नुसत्या बेगमीवर विसंबण्याऐवजी पुढच्याच वर्षी जपाननं ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले आणि बदल्यात माल बांधून घेतला. याला रतीब लावणं म्हणावं, अगदी गवळ्याला म्हशीसाठी पैसे देऊन. युरोपचा कायदा तर एका गवळ्यावर विसंबू नका असंच सांगतो. त्यात मोक्याचे (‘स्ट्रॅटेजिक’) ठरवलेल्या १७ पदार्थांपैकी कुठल्याही एकाची ६५ टक्क्यांहून जास्त गरज २०३० पर्यंत एकाच परक्या देशातून भागू नये, असं त्यात आहे.

आणि ‘शाश्वत’ इथे मला खटकतो. कुठलीही खाण शाश्वत नसते. आपल्याकडे ‘पुरवणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, आणून देणं आणि जपून वापरणं. आई तुपाचा डबा महिनाभर पुरवते ना, तसं. ‘पुरवठा’ शब्दाच्या पोटात हे आधीपासून आहे, आपण ते विसरलोय. त्याच कायद्यात २५ टक्के गरज जुन्या मालातून भागवायची म्हटलंय. त्यासाठी ‘पुनर्चक्रीकरण’ असा जडशीळ शब्द कशाला? तांब्यापितळेची मोड घालून नवं भांडं आणणाऱ्या बाईला तो व्यवहार पूर्ण कळतो. जुन्या मोबाइलची मोड म्हणा.

प्रश्नकर्ती

मग असं लिहिते : ‘कळीचा कच्चा माल दीर्घकाळ पुरावा आणि मिळत राहावा, यासाठीची तजवीज’. लांब झालं, पण वाचता येतं. ‘मोड’ कायद्याच्या मजकुरात चालेल का, याची धाकधूक आहे. तिथे ‘पुनर्चक्रीकरण’च ठेवते, प्रस्तावनेत ‘मोड’ नक्की.

जाता जाता, ‘रेअर अर्थ’ला सगळे ‘दुर्मिळ मृदा’ लिहितात, तेच ठेवू ना?

प्रतिसाद

नका ठेवू. वाचणाऱ्याला ती शेतातली माती वाटते. जुने रसायनशास्त्रज्ञ आगीत न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना ‘अर्थ’ (इंग्रजीतली माती) म्हणत. १७८७ मध्ये स्वीडनच्या इटरबी गावच्या खाणीत एक काळा जड दगड सापडला, त्यापासून हे नाव चालत आलं. शिवाय यातली काही मूलद्रव्यं दुर्मिळही नाहीत. सेरियम भूकवचात साधारण तांब्याइतकं आहे. फक्त ‘रेअर अर्थ’ म्हणवणारी ही सतराही मूलद्रव्यं एका जागी साचून क्वचित मिळतात, इथेतिथे पातळ पसरलेली असतात. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत ‘विरल मृत्तिका’ आहे. मृत्तिकेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण ‘विरल’ ठेवाच. विरळ पेरलेलं शेत जसं दिसतं, तशीच ती खडकात असतात.